मुलांना सांगण्यासारख्या पडद्यामागच्या गमती सुचवा (पण खऱ्या!)

रिकामटेकडी
सुट्टी लागली की आमच्याकडे आठ ते बारा वयाच्या पोरांचा घोळका जमतो आणि आम्ही दर आठवड्याला एक सिनेमा बघतो. यंदा नुसता सिनेमा लावून मोकळं व्हायचं नाही, जोडीला तो कसा बनवला याच्या दोन-चार गमती सांगायच्या असं ठरवलंय. म्हणून शोधायला बसले. नेटवर याद्या ढिगानं आहेत, पण निम्म्यांत अमक्या नटानं किती कोटी घेतले आणि तमकीनं किती किलो उतरवले हेच. पोरांना त्याचं काय! उरलेल्यांत खरं किती आणि थापा किती ते कळत नाही.

मला काय हवंय ते सांगते. गोष्ट खरी हवी. दोन-तीन वाक्यांत सांगून होईल अशी हवी. आणि ऐकल्यावर 'अय्या, असं केलं होय!' असं व्हायला हवं. घरी करून बघता आली तर सोन्याहून पिवळं.

नमुना म्हणून एक देते. 'जुरासिक पार्क' (१९९३) मध्ये टी-रेक्स येण्याआधी गाडीतल्या ग्लासातल्या पाण्यावर गोल गोल तरंग उठतात ना? तसे एकसारखे तरंग काही केल्या येईनात. शेवटी गाडीखाली गिटारची तार बांधली, एक माणूस खाली झोपला आणि तो ती तार छेडत राहिला. एवढा मोठा डायनासोर, आणि भीती वाटते ती एका तारेमुळे.

दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे. नवऱ्याचं म्हणणं, हे असलं आधी सांगितलंस तर सिनेमातली जादूच जाते. मला तसं वाटत नाही, पण खात्रीही नाही. तुम्ही काय करता? आधी सांगता, नंतर, की सांगतच नाही?

हूप्या
खुर्ची टाकून बसलोय. येऊ द्या.

ध्वनिवेडा
माझ्या आवडीचा विषय काढलात. आवाजापासून सुरुवात करा. चित्रं कशी करतात याचा मुलांना थोडाफार अंदाज असतो ('कम्प्युटरवर करतात' हे ठरलेलं उत्तर), पण आवाज नंतर वेगळे तयार करून चिकटवतात हे बहुतेकांच्या गावीही नसतं. पावलं, दार, कपड्यांची सळसळ, सगळं एका खोलीत पडद्याकडे बघत पुन्हा केलेलं असतं. या कामाला फोली म्हणतात, युनिव्हर्सल स्टुडिओत काम करणाऱ्या जॅक फोलीवरून.

आता गमती. घोड्याच्या टापा म्हणजे नारळाच्या दोन करवंट्या. बर्फातून चालल्याचा करकर आवाज म्हणजे कॉर्नफ्लॉवर भरलेली चामड्याची पिशवी दाबायची. हाड मोडायचं असेल तर सेलेरीची दांडी. पक्ष्याचे पंख फडफडवायचे तर हातमोज्यांची जोडी झटकायची. आग म्हणजे कुरकुरीत कागद चुरगाळणं. यातलं निम्मं मुलं त्याच दिवशी करून बघतील, घरात पसारा होईल, तो तुमचा तुम्ही आवरायचा.

राक्षसांचे आवाज तर आणखी भारी. १९५४ च्या 'गॉडझिला'ची डरकाळी कुठल्याच प्राण्याची नाही. संगीतकार अकिरा इफुकुबे यांनी डबल बास या मोठ्या वाद्याची तार सैल करून त्यावरून राळ लावलेला चामड्याचा हातमोजा ओढला आणि ते ध्वनिमुद्रण कमी वेगानं वाजवलं. 'जुरासिक पार्क'चा टी-रेक्स म्हणजे हत्तीचं पिल्लू, वाघ आणि मगर यांचं मिश्रण. रॅप्टर या लहान डायनासोरांचा भुंकल्यासारखा आवाज कासवांचा आहे.

तिरपागडा
कासवांचा? कासव असं कधी ओरडतं?

ध्वनिवेडा
@तिरपागडा, कधी ओरडतं ते मोठेपणी कळेल. धागा मुलांसाठी आहे.

तिरपागडा
😂 समजलं. पुढे चला.

काकूबाई
चॅप्लिनचा बूट कुणी सांगितला नाही अजून? 'द गोल्ड रश' (१९२५) मध्ये भुकेनं कासावीस झालेला चार्ली स्वतःचा बूट उकडून खातो, नाडी शेवयांसारखी काट्याला गुंडाळतो. तो बूट लिकोरिसचा होता, म्हणजे ज्येष्ठमधाची काळी मिठाई. बरेच टेक झाले, बराच बूट पोटात गेला. आणि ज्येष्ठमध जास्त झालं की पोटाचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. चॅप्लिन आणि त्याचा सहनट, दोघांचीही धावपळ उडाली म्हणतात.

ही गोष्ट मी आजवर ज्या ज्या मुलाला सांगितली ते हसून लोळलं आहे. शी-शूच्या विनोदाला तोड नाही.

मिनीची_आई
प्राण्यांच्या गमतीही चालतात. 'बेब' (१९९५) मधलं डुकराचं पिल्लू एक नाही, ४८ पिल्लं आहेत. पिल्लं भराभर वाढतात, चित्रीकरण तेवढ्या वेगानं होत नाही, म्हणून नवीन नवीन आणावी लागली. सगळ्यांच्या डोक्यावर तोच केसांचा झुपका लावायचा की झालं!

हॅरी पॉटरची हेडविग गोष्टीत मादी आहे, पण पडद्यावर बहुतेक नर घुबडं होती. हिमघुबडांत नर जास्त पांढरा शुभ्र असतो, मादीच्या अंगावर काळे ठिपके असतात. लॅसी ही कुत्रीसुद्धा पहिल्या सिनेमात (१९४३) 'पाल' नावाच्या कुत्र्यानं केली होती.

आणि 'चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी' (२००५) मध्ये खारी अक्रोड फोडतात ते आठवतंय? त्यासाठी ४० खऱ्या खारींना शिकवलं होतं. काही शॉट्समध्ये यांत्रिक आणि संगणकावरच्या खारी आहेत, पण खऱ्यांनी खरंच स्टुलावर बसून अक्रोड फोडले. त्याच सिनेमातले सगळे ऊम्पा लूम्पा (कारखान्यातले बुटके कामगार) डीप रॉय या एकाच नटानं केलेत हे मात्र माझ्या मुलीला अजून पटलेलं नाही.

चौकट
नटांची अदलाबदलच सांगायची तर आपल्याकडे बघा की. 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) मधली तारामती म्हणजे अण्णा साळुंके, एका उपाहारगृहाच्या मुदपाकखान्यात काम करणारा माणूस. सिनेमात काम करायला बायका तयारच नव्हत्या. हरिश्चंद्राचा मुलगा रोहित झाला तो फाळक्यांचाच मुलगा भालचंद्र. पुढे 'लंका दहन' (१९१७) मध्ये साळुंक्यांनी राम आणि सीता दोन्ही केले! म्हणजे राम ज्या सीतेच्या शोधात रानोमाळ हिंडतोय ती तो स्वतःच. आणि 'कालिया मर्दन' (१९१९) मध्ये बाळकृष्ण झाली फाळक्यांची मुलगी मंदाकिनी. मुलींना हे आवर्जून सांगा.

फाळक्यांची मुलांनी घरी करावी अशी गोष्ट म्हणजे वाटाण्याचं रोप. मोठा सिनेमा काढण्याआधी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्या वाढीची एकेक चौकट टिपत गेले. ती फिल्म चालवली की काही क्षणांत बी रुजून वेल होतो. ते दाखवून त्यांनी भांडवल देणाऱ्याची खात्री पटवली. मोबाइल एका जागी पक्का बांधायचा, रोज ठरल्या वेळी एक फोटो काढायचा. सुट्टी संपेपर्यंत तुमचीही फिल्म तयार.

उनाड_ढग
@चौकट, मस्तच. वाचनखूण साठवली.

जुन्या सिनेमात पाऊस दिसत नाही म्हणून पाण्यात दूध मिसळायचे, हेही सांगा. 'सिंगिन' इन द रेन'मधला पाऊस दुधाचा होता.

शंकासुर
आलो एकदाचा. रिकामटेकडी यांनी 'खऱ्या' असं लिहिलंय म्हणून जरा कात्री घेऊन बसतो.

१) दुधाचा पाऊस: खोटं. पावसाचे थेंब समोरून प्रकाश टाकला की दिसत नाहीत, मागून टाकला की चमकतात. 'सिंगिन' इन द रेन' (१९५२) मध्ये तेच केलंय. खात्री करायची असेल तर रात्री झारीनं पाणी ओता, एकदा बॅटरी पाण्याच्या पुढून धरा आणि एकदा मागून. दुधापेक्षा ही गंमत कितीतरी चांगली आहे.

२) कुणीतरी सांगणारच आहे म्हणून आधीच: 'ल्युमिएर बंधूंच्या पहिल्या खेळात रेल्वे अंगावर येतेय असं वाटून लोक पळाले.' २८ डिसेंबर १८९५ च्या पॅरिसमधल्या त्या खेळात दहा छोट्या फिल्म होत्या, त्यांत रेल्वेची नव्हतीच. ती पुढच्या वर्षी दाखवली. आणि लोक पळाल्याचा त्या काळातला काही पुरावा सापडत नाही.

३) वॉल्ट डिस्नेला बर्फात गोठवून ठेवलंय. नाही. १९६६ मध्ये वारला, रीतसर दहन झालं. त्याच्याबद्दलची खरी गंमत सांगा ना: सुरुवातीची कित्येक वर्षं मिकी माउसचा आवाज तो स्वतः काढायचा.

उनाड_ढग
शंकासुरा, रेल्वेचं कुणी विचारलं नव्हतं हो 😄 पण दूध घातलं तर थेंब जास्त पांढरे दिसतील की नाही? की तेही नाही?

शंकासुर
दिसतील. आणि दिव्यांच्या उष्णतेत त्या सेटला जो वास येईल त्यात त्यातला नायक जीन केली तसा हसत नाचला असता का, तेही सांगा.

हूप्या
शंकासुर १, दूध ०.

पिंपळपान
मला रिकामटेकडी यांच्या दुसऱ्या प्रश्नावर बोलायचंय, कारण पहिल्यावर सगळेच तुटून पडलेत. मी लहान मुलांसाठी बाहुल्यांचे खेळ करते. हात लपवण्यासाठी आधी मी जिवाचा आटापिटा करायचे. मग लक्षात आलं की मुलांना हात दिसला तरी काही फरक पडत नाही. ती बाहुलीशीच बोलतात. 'सेसमी स्ट्रीट' या अमेरिकेतल्या बाहुल्यांच्या टीव्ही कार्यक्रमाच्या सेटवर आलेल्या मुलांबद्दलही हेच सांगतात. बाहुली चालवणारा माणूस त्यांच्या डोळ्यांदेखत शेजारी असतो, तरी मूल बाहुलीच्या डोळ्यांत बघून गप्पा मारतं.

त्याच कार्यक्रमातला बिग बर्ड सांगते, कारण तो खरोखर थक्क करणारा आहे. आठ फूट दोन इंच उंच पिवळा पक्षी. आत कॅरल स्पिनी, १९६९ पासून थेट २०१८ पर्यंत. उजवा हात डोक्यावर सरळ उंच धरलेला, कारण पक्ष्याचं डोकं म्हणजे तो हात. करंगळीनं डोळ्यांच्या पापण्या हलवायच्या. डावा हात डाव्या पंखात. मग उजवा पंख? तो मासे पकडायच्या दोऱ्यानं डाव्या हाताला जोडलेला, एक खाली गेला की दुसरा वर. आणि आतून बाहेरचं दिसत नाही म्हणून छातीवर छोटा टीव्ही बांधलेला. तो त्यात बघून चालायचा!

हे ऐकल्यावर मुलांना सांगा, हात वर धरून खोलीतून एक चक्कर मारा आणि सोबत गाणं म्हणा. एवढं झाल्यावर बिग बर्डबद्दलचा आदर वाढतो, कमी होत नाही. जादू जाते म्हणणाऱ्यांना माझं हे उत्तर.

चौकट
+१. शिवाय मपेट्स (म्हणजे 'सेसमी स्ट्रीट'सारख्या कार्यक्रमांतल्या या बाहुल्या) बहुतेक डावखुरे का असतात हेही विचारा मुलांना. (चालवणारा उजव्या हातानं डोकं चालवतो, मग बाहुलीच्या हातासाठी त्याचा डावाच उरतो.)

काकूबाई
'सेसमी स्ट्रीट'मधला कुकी मॉन्स्टर ज्या कुकीज खातो त्यात तेल-तूप नसतं म्हणे, बाहुली खराब होते म्हणून. चॉकलेटचे तुकडे म्हणून चक्क गरम गोंदाचे ठिपके. नुसतं दिसायला छान. काही हॉटेलांतही असंच देतात.

सावकार_नाही
मी पिंपळपान यांच्याशी असहमत. बाहुलीचं ठीक आहे, बाहुली ही बाहुलीच असते हे मुलाला आधीपासून माहीत असतं. पण 'ई.टी.' बघून रडणाऱ्या मुलाला मध्येच 'अरे, ते रबर आहे' असं सांगणाऱ्या काकाला काय म्हणायचं? आमच्याकडे एक काका आहे असा. प्रत्येक प्रसंगाला 'हे ग्रीन स्क्रीन', 'हे दुसरा माणूस करतो'. पोरं आता त्याच्याबरोबर सिनेमा बघायला बसत नाहीत. माहिती देणं वेगळं आणि आपल्याला माहिती आहे हे दाखवणं वेगळं.

रिकामटेकडी
@सावकार_नाही, तो काका आमच्याकडेही आहे. नवऱ्याला मी तोच होईन अशी भीती आहे बहुतेक.

ध्वनिवेडा
'ई.टी.'वरून आठवलं. स्पीलबर्गनं तो सिनेमा (१९८२) बराचसा गोष्टीच्या क्रमानं चित्रित केला. एरवी सोयीप्रमाणे शेवट आधी, सुरुवात नंतर असं काहीही करतात. इथे मात्र मुलांना ई.टी.चा लळा लागू दिला आणि निरोपाचा प्रसंग शेवटी घेतला. त्यामुळे ती रडतात ते बऱ्याच अंशी खरं आहे. ही माहिती सिनेमा झाल्यावर सांगितली तर उलट डोळे आणखी भरून येतात. तेव्हा सगळी पडद्यामागची माहिती जादू घालवते असं नाही, सावकारसाहेब.

सावकार_नाही
'झाल्यावर' हा शब्द अधोरेखित करतो आणि खाली बसतो.

मिनीची_आई
लहान मुलांकडून काम कसं करून घेतात हे माझ्या मुलीला फार आवडतं. 'मॉन्स्टर्स, इंक.' (२००१) मधल्या बू चा आवाज एका अगदी छोट्या मुलीचा आहे. ती माइकसमोर एका जागी बसेचना. मग लोक माइक घेऊन तिच्यामागे फिरले, ती खेळत होती, बडबडत होती, आणि त्यातलं हवं ते वेचून बू तयार झाली.

'विली वोंका'च्या १९७१ च्या सिनेमात मुलांना ती चॉकलेटची खोली आधी दाखवलीच नव्हती. कॅमेरा सुरू असताना पहिल्यांदा दार उघडलं. त्यांचे चेहरे बघा मग. (विलीनं खाल्लेला फुलाचा कप मात्र मेणाचा होता. बिचारा चावत बसला.)

आणि हॅरी पॉटरच्या तिसऱ्या सिनेमाची ती प्रसिद्ध गोष्ट: दिग्दर्शक अल्फोन्सो कुआरोननं तिघांना आपापल्या पात्रावर निबंध लिहायला सांगितला. हर्मायनीनं पानंच्या पानं लिहिली, हॅरीनं एक पान, रॉननं दिलाच नाही. का, तर 'रॉननं दिला नसता.' माझ्या मुलीनं हे कारण दुसऱ्याच दिवशी गृहपाठासाठी वापरलं. तेव्हा ही गोष्ट सांगताना सावध!

हूप्या
मी ऑफिसात वापरणार आहे.

तिरपागडा
टॉम अँड जेरीप्रेमी कुणी नाही का इथे? टॉमची ती जगप्रसिद्ध किंकाळी स्वतः विल्यम हॅना यांची आहे, म्हणजे मालिका बनवणाऱ्या दोघांपैकी एकाची. आणि १९४० च्या पहिल्या भागात टॉमचं नाव टॉम नव्हतं, जॅस्पर होतं.

आपल्या जुन्या दूरदर्शनवरचंही काही राहू द्या. जपानी 'जंगल बुक'च्या हिंदी अवतारातला शेरखान नाना पाटेकर. 'महाभारत'मधला 'समय' हरीश भिमाणी. 'मालगुडी डेज'ची चित्रं आर. के. लक्ष्मण यांची, गोष्टी सख्ख्या भावाच्या. आताच्या मुलांना त्याचं काय असं म्हणाल, पण त्यांच्या आईबापांना द्या की थोडी गंमत.

शंकासुर
हे सगळं बरोबर आहे. (मलाही कधीतरी चांगलं बोलू द्या.)

चौकट
मुलांना विचारायला एक उत्तम कोडं: 'द विझार्ड ऑफ ऑझ' (१९३९) मध्ये डोरोथी तपकिरी घरातून दार उघडते आणि बाहेर रंगीत जग दिसतं. मध्ये कट नाही. संगणक नव्हता. कसं केलं असेल?

उत्तर लगेच देऊ नका, मुलांना डोकं खाजवू द्या. फार सुंदर उत्तरं येतात.

खरं उत्तर असं. तो शॉट पूर्णपणे रंगीत फिल्मवरच घेतलाय. घराची आतली बाजू तपकिरी रंगवली होती. दार उघडणारी मुलगी ज्युडी गार्लंड नाहीच, तिच्यासारखी दिसणारी दुसरी, तिच्या अंगात तपकिरी कपडे. ती दार उघडून बाजूला होते, कॅमेरा पुढे जातो आणि निळ्या फ्रॉकमधली खरी डोरोथी चौकटीत येते. एवढंच! रंगाचा डबा आणि दोन मुली.

त्याच सिनेमातला रंग बदलणारा घोडा म्हणजे पांढरे घोडे, जेलीच्या रंगीत पावडरीनं रंगवलेले. घोडे ती चाटत सुटायचे, त्यामुळे शॉट पटापट उरकावे लागले.

काकूबाई
काळ्या-पांढऱ्यातून रंगीत म्हणालात तर सत्यजित राय यांचा 'गुपी गाईन बाघा बाईन' (१९६९) पण सांगा. अख्खा सिनेमा कृष्णधवल आणि शेवट रंगीत. सगळा रंगीत करायला पैसे नव्हते. आणि भुतांच्या राजाचा तो विचित्र आवाज खुद्द राय यांचा, वेग बदललेला. फोनवर आवाजाचा वेग बदलून बघा, प्रत्येक मूल भुताचा राजा होतं.

वाटाड्या
सगळा धागा वाचला. छान चाललंय, पण थोडं विरजण घालतो. 'गमती' म्हणून जे सांगतो त्यात काही गोष्टी गमतीच्या नसतात. त्याच 'ऑझ'मध्ये अफूच्या शेतात पडणारा बर्फ ॲस्बेस्टॉस या फुप्फुसांना घातक तंतूंचा होता असं सांगितलं जातं, त्या काळी सिनेमात नकली बर्फासाठी ते सर्रास वापरत. टिन मॅनची भूमिका आधी ज्याला दिली होती तो नट तोंडाला लावलेल्या ॲल्युमिनियमच्या पावडरीमुळे रुग्णालयात गेला आणि भूमिका दुसऱ्याला गेली. १९५८ च्या 'व्हाइट विल्डरनेस' या निसर्गपटात लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी आपणहून कड्यावरून उड्या टाकताना दाखवलेत. ते खोटं होतं, प्राणी बाहेरून आणून ढकलले होते. 'लेमिंग आत्महत्या करतात' हा समज पसरायला तो सिनेमा बराच कारणीभूत आहे आणि तो अजून गेलेला नाही.

बारा वर्षांच्या मुलाला हे सांगायला हवं असं माझं मत. 'माहितीपट' लिहिलेलं असलं तरी कॅमेऱ्यामागे कुणीतरी असतं, हे कळलं पाहिजे.

मिनीची_आई
बारा वर्षांच्या मुलाला सांगा. माझी आठची आहे, तिला आत्ताच प्राणी ढकलले वगैरे नको. रात्री तिला कुणी झोपवायचं?

वाटाड्या
मान्य. म्हणून तर वय लिहिलं.

ध्वनिवेडा
वातावरण जड झालं, हलकं करतो. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या दुसऱ्या भागात (२००२) हजारो राक्षसांची फौज गर्जना करते. तो आवाज कुणाचा? क्रिकेट बघायला आलेल्या लोकांचा! न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनला एकदिवसीय सामना होता. मधल्या सुट्टीत पीटर जॅक्सन मैदानात उतरला, राक्षसांच्या भाषेतले शब्द मोठ्या पडद्यावर दाखवले आणि सुमारे २५,००० प्रेक्षकांकडून ते ओरडून घेतले. छाती बडवून घेतली, पाय आपटून घेतले.

आणि 'स्टार वॉर्स'च्या (१९७७) बंदुकांचा 'प्यू प्यू': बेन बर्टनं रेडिओ मनोऱ्याच्या ताणाच्या तारेवर हातोडी मारून मिळवला. हा घरी करता येतो. स्लिंकी म्हणजे ती जिना उतरणारी स्प्रिंग घ्या, एका टोकाला कागदी पेला अडकवा, स्प्रिंग खाली लोंबू द्या आणि तिच्यावर टिचकी मारा. उच्च स्वर तारेतून आधी पोचतात, खालचे मागून येतात, म्हणून 'प्यू' असं ऐकू येतं. भौतिकशास्त्र फुकट.

उनाड_ढग
केलं. खरंच येतो. बायको विचारतेय, वय काय तुझं.

तिरपागडा
सिनेमा बनवणाऱ्यांची फजिती आवडते मुलांना. 'टॉय स्टोरी २' (१९९९) बनत असताना कुणीतरी चुकीची आज्ञा दिली आणि एकेक पात्र, एकेक वस्तू डोळ्यांसमोर संगणकावरून गायब व्हायला लागली. बॅकअप बघितला तर तोही नीट चालत नव्हता. वाचवलं कुणी? गेलिन सुसमन या तांत्रिक दिग्दर्शिकेनं. घरी तान्हं बाळ होतं म्हणून ती घरून काम करायची आणि तिच्या घरच्या संगणकावर प्रत होती. तो संगणक पांघरुणांत गुंडाळून गाडीतून अलगद आणला.

शंकासुर
खरी आहे, फक्त शेपूट जोडा: नंतर गोष्टच पसंत नाही म्हणून त्यांनी तो सिनेमा बहुतांशी पुन्हा नव्यानं केला.

तिरपागडा
शेपूट नको, वाचवल्याचा सगळा थरार जातो 😭

शंकासुर
शीर्षकात 'खऱ्या' आहे. उद्गारचिन्हासकट.

पिंपळपान
@रिकामटेकडी, आधी की नंतर यावर एक सुचवते. आधी उत्तर सांगू नका, आधी काहीतरी शोधायला द्या. पिक्सारच्या सिनेमांत 'ए११३' हा आकडा कुठेतरी लपवलेला असतो. कॅलआर्ट्स या संस्थेतल्या ज्या वर्गात त्यांच्यातले बरेच जण शिकले, त्या खोलीचा तो क्रमांक. 'टॉय स्टोरी'त अँडीच्या आईच्या गाडीच्या पाटीवर आहे, 'फाइंडिंग नीमो'त पाणबुड्याच्या कॅमेऱ्यावर. 'टॉय स्टोरी'तल्या पिझ्झा प्लॅनेट या दुकानाची गाडीही बहुतेक सिनेमांत सापडते. मोठ्या मुलांना 'इनटू द स्पायडर-व्हर्स' (२०१८) मध्ये जंगलातला प्रसंग दाखवा आणि विचारा, माइल्स आणि पीटर हे दोन स्पायडर-मॅन एकत्र उड्या मारताना दोघांत काय वेगळं आहे? माइल्सचं चित्र सेकंदाला १२ वेळा बदलतं, पीटरचं २४ वेळा. म्हणून नवशिका माइल्स जरा अडखळल्यासारखा दिसतो. डोळ्यांना जाणवतं, पण काय ते चटकन सांगता येत नाही.

सावकार_नाही
हे पटलं. शोधायला लावलं की काकालाही तोंड बंद ठेवून शोधावं लागेल.

रिकामटेकडी
किती लिहिलंत सगळ्यांनी! काल 'ऑझ' लावला. चौकट यांचं दाराचं कोडं सिनेमा संपल्यावर घातलं. 'पडद्यावर रंग ओतला', 'अर्धी काच रंगीत होती', 'डोरोथी खरंच तिकडे गेली' अशी उत्तरं आली. खरं उत्तर सांगितल्यावर तो शॉट पुन्हा लाव, पुन्हा लाव असं सुरू झालं. एका पोरीला तपकिरी मुलगी बाजूला होताना दिसली, बाकीच्यांना दिसेना, त्यावरून जुंपली. नवरा सगळ्यांत पुढे बसून रिमोटनं मागे-पुढे करत होता, त्यामुळे जादूचा मुद्दा सध्या स्थगित आहे.

घोड्याचं सांगितल्यावर मात्र एकानं विचारलं, 'घोड्याला कुठली चव जास्त आवडली?' काय सांगू?

शंकासुर
याची नोंद कुठेही नाही.

हूप्या
जांभळी. सांगून टाका.

शंकासुर
हूप्या!!

वाटाड्या
पुढच्या आठवड्यात काय लावताय? 'वॉलेस अँड ग्रोमिट' लावा असं म्हणेन. मातीच्या बाहुल्या, दिवसभर खपून काही सेकंदांची फिल्म होते, आणि नीट बघितलं तर मातीवर कलाकारांच्या बोटांचे ठसे दिसतात. तेच शोधायला द्या.

रिकामटेकडी
ठरलं. माती आणून ठेवते. ध्वनिवेडा, पसाऱ्याचं बोललात ते आठवतंय मला.